कर्णनादाचा त्रास किती, हे मोजायचं कसं?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापासून दोन्ही कानांत सतत किर्र असा आवाज येतो. तपासणीत आवाजाची तीव्रता ७ डेसिबल निघाली. त्याच दिवशी एक प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात १०० पैकी ५२ गुण आले. घरचे म्हणतात, ७ डेसिबल म्हणजे काहीच नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस. आणि विचारणाऱ्याची झोप उडालेली, कामात लक्ष लागत नाही. मग यातलं खरं कोणतं, ७ की ५२? आणि ५२ म्हणजे नक्की किती वाईट?

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि तुमच्या घरच्यांनी चुकीच्या आकड्यावरून तुमचा त्रास ठरवला आहे.

आधी त्या ७ डेसिबलचं बघू, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. ही तपासणी अशी होते: तुम्हाला बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, एकेक स्वर ऐकवतात आणि विचारतात, तुमच्या कानातला आवाज याच्याशी मिळतो का? आधी पट्टी जुळवतात, मग आवाज कमी-जास्त करत तीव्रता जुळवतात. शेवटी जो आकडा येतो तो बहुतेक वेळा तुमच्या स्वतःच्या ऐकण्याच्या मर्यादेच्या वर किती, असा असतो. समजा ४,००० हर्ट्झच्या स्वराला तुमचा कान ४० डेसिबलला जेमतेम प्रतिसाद देतो, तर तुमचा '७' म्हणजे प्रत्यक्षात ४७ डेसिबलचा स्वर. अहवालावर मात्र नुसता ७ दिसतो, आणि घरचे तो पानांच्या सळसळीइतका आहे असं धरून चालतात. त्यातही ज्या पट्टीत ऐकू कमी येतं, तिथे आवाज मर्यादा ओलांडताच भराभर मोठा वाटू लागतो. निरोगी कानाला ७ डेसिबलची वाढ किरकोळ वाटेल, बिघडलेल्या कानाला तीच बरीच वाटते. बहुतेकांचा कर्णनाद असा जुळवला की १० डेसिबलच्या आतच येतो. ज्याला काहीच त्रास नाही त्याचाही, आणि ज्याचा जीव मेटाकुटीला आलाय त्याचाही.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका मुद्रितशोधकाच्या बाबतीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साठीच्या आसपासचे गृहस्थ. 'आवाज किती मोठा, ० ते १० मध्ये सांगा' म्हटल्यावर त्यांनी क्षणही न दवडता १० सांगितलं. मी स्वर जुळवला, तो ६ डेसिबलला जुळला. मी तो आकडा लिहीत होतो आणि ते काचेपलीकडून माझ्या पेनकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कमी आलं ना? म्हणजे आता तुम्हीही म्हणणार की काही नाही." नंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं की हे वर्षभर एकही प्रूफ सलग वाचू शकलेले नाहीत, ओळ वाचतात आणि परत तीच ओळ वाचतात. माझ्या ऑडिओमीटरवर त्या ओळीसाठी कुठलंच बटण नव्हतं. त्या दिवसापासून तीव्रता जुळवण्याचा आकडा मी रुग्णाला सांगताना आधी तो कशाचा नाही, हे सांगतो.

जुळवलेली तीव्रता आणि होणारा त्रास यांचा संबंध फारच क्षीण आहे, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. कारण आवाज ऐकू येणं आणि आवाजाचा त्रास होणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना आवाज पूर्ण बंद असलेल्या खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही कर्णनादाची तक्रार नव्हती. १९९० मध्ये यास्ट्रेबॉफ या संशोधकांनी जी मांडणी केली ती आजही समजून सांगायला उपयोगी पडते: श्रवणमार्गातल्या एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या संकेताला मेंदूने एकदा 'धोका' असं लेबल लावलं की भावनांचं केंद्र आणि शरीराची सावधगिरीची यंत्रणा दोन्ही त्याला जोडली जातात. मग तोच आवाज झोप उडवतो, छाती धडधडवतो, लक्ष खेचून घेतो. आवाज तेवढाच राहतो, वाढतं ते त्याचं वजन. म्हणून मोजायचं असेल तर हे वजन मोजावं लागतं, आणि ते फक्त तुम्हाला विचारूनच मोजता येतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की "म्हणजे पेशंट सांगेल ते खरं?" हो. वेदनेचंही तसंच आहे. दाढ किती दुखते हे एक्स-रेत दिसत नाही, तरी दाढदुखी खोटी आहे असं कोणी म्हणत नाही. बहुतांश कर्णनाद बाहेरून कोणत्याही यंत्राला ऐकू येत नाही, म्हणून माणसाच्या सांगण्याला शिस्त लावणं एवढंच आपल्या हातात आहे. प्रश्नावली म्हणजे ही शिस्त. सगळ्यांना तेच प्रश्न, तेच पर्याय, तीच बेरीज.

आता तुमचे ५२. गुणांच्या वर्णनावरून ही टीएचआय, म्हणजे टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी दिसते. न्यूमन आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. २५ प्रश्न, 'होय'ला ४, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला ०. बेरीज ० ते १००. पुढे तिच्या पाच पायऱ्या ठरवल्या गेल्या: १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र आणि ७८ च्या पुढे अतितीव्र. (मधले विषम आकडे नाहीत कारण गुण दोन-दोननेच वाढतात.) म्हणजे तुम्ही 'मध्यम'च्या वरच्या टोकाला आहात. मध्यमचं ढोबळ वर्णन असं, की आजूबाजूला आवाज असतानाही कर्णनाद जाणवतो, पण रोजची कामं करता येतात. तीव्रमध्ये तो जवळजवळ सतत ऐकू येतो, बाहेरच्या आवाजाने क्वचितच झाकला जातो, झोप बिघडते आणि शांतपणे करायची कामं अडतात. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तुम्ही या दोन वर्णनांच्या सीमेवर वाटता. पण इथे थांबू नका. मध्यम हा शब्द ऐकून घरचे परत म्हणतील, बघ, मध्यमच आहे.

बेरजेमागे काय लपतं ते बघा. एखाद्याने २४ प्रश्नांना 'कधी कधी' आणि एकाला 'होय' लिहिलं, तर ५२ होतात. दुसऱ्या एखाद्याने १३ प्रश्नांना ठाम 'होय' आणि उरलेल्या १२ ना ठाम 'नाही' लिहिलं, तरी ५२ च. पहिल्याच्या आयुष्यात कर्णनाद सगळीकडे थोडा थोडा झिरपलाय. दुसऱ्याच्या आयुष्यात त्याने काही खोल्या पूर्ण बळकावल्यात आणि बाकीच्यांना हातही लावलेला नाही. या दोघांना एकच सल्ला देणं म्हणजे दोघांचंही नुकसान करणं. म्हणून कोणी मला नुसता आकडा सांगितला की मी विचारतो, कागद आहे का? कुठल्या प्रश्नांना 'होय' आलंय ते बघायचंय.

टीएचआयमध्ये तीन प्रकारचे प्रश्न मिसळलेले आहेत. काही कामकाजाचे: लक्ष, ऐकणं, झोप, घरातली-बाहेरची जबाबदारी. काही भावनांचे: चिडचिड, उदासी, वैताग. आणि पाच प्रश्न असे, की ज्यांत माणूस हताश झालाय का, यातून सुटका नाही असं वाटतं का, आपल्याला काहीतरी भयंकर आजार आहे असं वाटतं का, हे कळतं. या पाचांवर माझी नजर सगळ्यात आधी जाते. एकूण गुण ३० असले पण या पाचांपैकी चारांना 'होय' असेल, तर मी त्या माणसाला ६० गुणांच्या पण इथे 'नाही' लिहिणाऱ्या माणसाच्या आधी वेळ देतो. दुसरा थकलेला आहे. पहिला घाबरलेला आहे, आणि भीतीवर लवकर काम केलं तर ती लवकर उतरते.

तुमचा कागद हातात नसला तर मागून घ्या. तो तुमचा आहे.

टीएचआयची एक मर्यादाही सांगून ठेवतो. होय, कधी कधी आणि नाही, एवढे तीनच पर्याय असल्याने थोडीफार सुधारणा तिच्यात उमटत नाही. रात्री पाच वेळा जाग यायची ती आता दोनदा येते, ही माणसासाठी मोठी गोष्ट आहे. पण कागदावर दोन्ही वेळा 'होय'च. माणूस फॉर्म भरताना पेन 'होय' आणि 'कधी कधी'च्या मध्ये घुटमळवतो, तेव्हा मला कळतं की त्याचं खरं उत्तर या दोन चौकटींच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणून उपचारांनी फरक पडतोय का हे बघायला मी टीएफआय, म्हणजे टिनिटस फंक्शनल इंडेक्स वापरतो. मीकल आणि सहकाऱ्यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि बदल टिपता यावा याच हेतूने बांधली. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांसाठी तिचाच विचार करावा असं म्हटलं आहे.

हिच्यातही २५ प्रश्न आहेत, पण प्रत्येकाचं उत्तर ० ते १० मध्ये द्यायचं आणि फक्त गेल्या आठवड्याबद्दल. 'गेल्या आठवड्यात' या दोन शब्दांनी खूप काम होतं. दीड वर्षाचा हिशेब विचारला तर माणूस सगळ्यात वाईट रात्र आठवून उत्तर देतो. आठवड्याचा विचारला तर सोमवारी काय झालं, गुरुवारी काय झालं असं आठवतो. प्रश्नांचे आठ गट पडतात: आवाज किती घुसतो, आपला ताबा किती, विचार आणि एकाग्रता, झोप, ऐकणं, निवांतपणा, एकूण जगण्याची गोडी आणि भावना. प्रत्येक गटाचे गुण वेगळे काढता येतात, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तिथेच आहे. दहा मिनिटांत माणसाच्या आठवड्याचा नकाशा समोर येतो. बेरीज पुन्हा ० ते १०० वर आणतात. दोनचार प्रश्न लागू नसले तर सोडता येतात, पण किमान १९ ची उत्तरं हवीत, नाहीतर बेरजेला अर्थ उरत नाही.

तिच्या सुरुवातीच्या प्रश्नांत दोन टक्केवाऱ्या विचारल्या आहेत, आणि मी त्या नेहमी शेजारी शेजारी ठेवून बघतो. जागेपणीचा किती टक्के वेळ आवाजाची जाणीव असते? आणि किती टक्के वेळ त्याचा त्रास वाटतो? सुरुवातीला हे दोन आकडे बहुधा एकमेकांना चिकटलेले असतात: जाणीव ९०, त्रास ९०. उपचार लागू पडू लागले की आधी दुसरा खाली येतो. जाणीव ८०, त्रास ४०. माणूस निराश होऊन म्हणतो, आवाज तर तसाच आहे हो. तेव्हा मी कागद वळवून त्याच्यासमोर धरतो. आवाजाची सवय होण्याआधी आवाजाच्या धसक्याची सवय मोडते, क्रम असाच असतो. जाणीव नंतर, हळूहळू कमी होते. हे आधी माहीत नसल्याने कितीतरी लोक नेमके सुधारणा सुरू झालेल्या महिन्यात उपचार सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

किती गुण उतरले म्हणजे खरा फरक म्हणायचा? टीएफआयसाठी १३ गुणांची घट अर्थपूर्ण धरतात. टीएचआयसाठी मूळ काम करणाऱ्यांनी २० गुण सांगितले होते, म्हणजे एवढा फरक पडला तर तो निव्वळ फॉर्म दुसऱ्यांदा भरल्याने आलेला नाही असं म्हणता येतं. नंतरच्या एका अभ्यासात ७ गुणांची घटही रुग्णांना स्वतःला जाणवते असं दिसलं. दोन आकड्यांत गोंधळू नका, ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. व्यवहारात मी असं धरतो: ५२ चे ४८ झाले तर आनंद किंवा दुःख काहीच करू नये, ४४ झाले आणि तुम्हालाही बरं वाटतंय तर दिशा बरोबर आहे, ३२ झाले तर कोणी काही म्हणो, फरक पडलाय. आणि एका प्रश्नावलीचे गुण दुसरीच्या गुणांशी कधीही ताडून बघू नका. टीएचआयचे ५२ आणि टीएफआयचे ५२ यांचा एकमेकांशी संबंध नाही. एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरी भरून 'माझं वाढलं' म्हणून रडवेले झालेले लोक मी पाहिले आहेत.

आता एक गोष्ट, जी कर्णनादाच्या नावावर खपते पण कर्णनादाची नसते. 'या आवाजामुळे मला लोकांचं बोलणं कळत नाही' असं जवळजवळ रोज कोणीतरी सांगतं. एक लेखापाल बाई आल्या होत्या. बैठकीत कोण काय म्हणतंय कळत नाही, आवाज मध्ये येतो, म्हणून नोकरी सोडायच्या विचारात होत्या. त्यांच्या फॉर्मवर ऐकण्याच्या गटात दहापैकी दहा आणि झोपेच्या गटात शून्य. हे जरा विचित्र होतं, कारण कर्णनाद इतका मोठा असेल तर रात्रीच्या शांततेत तो अधिकच छळायला हवा. मी ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख, पुन्हा केला. वरच्या पट्ट्यांत दोन्ही कानांचं ऐकणं बरंच उतरलं होतं. 'सात' आणि 'साठ', 'फार' आणि 'चार' असे शब्द मी तोंडासमोर कागद धरून म्हटले, आणि त्यांनी निम्मे चुकवले. त्यांना व्यंजनं ऐकूच येत नव्हती. दोष मात्र जो आवाज ऐकू येत होता त्याला मिळत होता. श्रवणयंत्र लावल्यावर ऐकण्याचा गट दहावरून तीनवर आला, आणि बाहेरचे आवाज परत आल्याने कर्णनादही मागे सरला. त्रास ऐकण्याचा, कर्णनादाचा की मोठे आवाज सहन न होण्याचा, हे वेगळं करायला टिनिटस अँड हिअरिंग सर्व्हे नावाची अगदी छोटी प्रश्नावली आहे. तुमच्या बाबतीत ती भरली गेली नसेल तर मागा. ऑडिओग्राम 'वयाच्या मानाने ठीक' असं कोणी म्हटलं असेल, तर त्यावर समाधान मानू नका. वयाच्या मानाने ठीक म्हणजे कमी ऐकू येत नाही असं नव्हे.

झोपेचंही वेगळं मोजावं लागतं. तुम्ही 'झोप उडाली' लिहिलंय. ती लागत नाही, की लागते पण मोडते, की पहाटे उडते ती परत येत नाही? अंथरुणाला पाठ टेकल्यापासून झोप लागेपर्यंत साधारण किती वेळ? यासाठी सात प्रश्नांची निद्रानाश तीव्रता निर्देशांक ही प्रश्नावली आहे, २८ पैकी गुण असतात, आणि १५ किंवा त्याहून जास्त आले की झोपेकडे स्वतंत्र आजार म्हणून बघावं लागतं. पुष्कळदा क्रम असा असतो, की कर्णनादाने झोप बिघडवली, मग बिघडलेल्या झोपेने दिवसा चिडचिड आणली, आणि चिडलेल्या डोक्याला तोच आवाज दुप्पट टोचू लागला. यातला झोपेचा दुवा सैल केला की बाकीचेही सैल होतात. म्हणून झोपेचे गुण जास्त असतील तर मी आधी तिथेच हात घालतो.

मनाचं तर मोजायलाच हवं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७ या छोट्या प्रश्नावल्या आहेत. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे नीट तपासणी करायची. 'माझं कानाचं दुखणं आहे, डोक्याचं नाही' असं म्हणून लोक या रागाने बाजूला ठेवतात. राग समजू शकतो, आधी कोणीतरी 'मनाचे खेळ' म्हणून हिणवलेलं असतं. पण पीएचक्यूचा नववा प्रश्न जगण्याचा कंटाळा आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि त्याचं उत्तर शून्य नसेल तर मी त्या दिवशी कानाचं काहीही बोलत नाही. तुम्ही किंवा हे वाचणारं कोणी तिथे असाल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा, आणि तोवर एकटे राहू नका. ही अवस्था बदलते. मी ती बदलताना पाहिली आहे, एकदा नाही, अनेकदा.

छापील प्रश्नावल्यांच्या जोडीला मी प्रत्येकाकडून एक गोष्ट करून घेतो, आणि ती तुम्ही आज रात्री घरी करू शकता. एका कागदावर तीन ओळी लिहा: कर्णनादामुळे सुटलेल्या किंवा अवघड झालेल्या तीन गोष्टी. 'जगणं कठीण झालंय' असं लिहू नका, ते मोजता येत नाही. 'रात्री पुस्तक उघडतो आणि दोन पानांत मिटतो', 'मुलीशी फोनवर बोलणं पाच मिनिटांत आटोपतं घेतो', 'दुपारी कामावर एकटा बसायचं टाळतो' असं लिहा. प्रत्येकीपुढे ० ते १० मध्ये ती किती अडते ते टाका आणि तारीख घाला. त्या मुद्रितशोधकांच्या कागदावर पहिली ओळ होती: 'एक फर्मा सलग, न उठता.' सोळा पानं. पुढे आठ महिने आम्ही दर भेटीला तीच ओळ मोजली.

फॉर्म भरायची वेळ आणि परिस्थिती शक्यतो सारखी ठेवा. रात्रभर जागल्यावर एकदा आणि सुट्टीहून आल्यावर एकदा, असं भरलं तर फरक सुट्टीचाच दिसेल. दहा मिनिटांत भरून टाका, एकेका प्रश्नावर खल करत बसू नका. शेजारी बसून घरच्यांना उत्तरं सुचवू देऊ नका. कोपऱ्यात दोन शब्दांची नोंद करा: सर्दी होती, घरात आजारपण होतं, नवीन गोळी सुरू झाली. मी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा भरून घेतो, मध्ये काही मोठा बदल झाला तर आधी.

रोज मोजू नका, याबद्दल मी आग्रही आहे. दर तासाला आवाजाला गुण देणारे, वहीत आलेख काढणारे लोक येतात. मेहनती, हुशार माणसं असतात आणि मनापासून करतात. पण जो आवाज मेंदूने विसरायचा आहे, त्याची हजेरी दर तासाला घेतली तर तो विसरणार कसा? तसंच मोबाइलवर स्वर वाजवून स्वतःच तीव्रता जुळवत बसू नका. कानात हेडफोन घालून शांततेत आवाज शोधणं, त्रास वाढवायला याहून सोपी रीत मला माहीत नाही.

काही गोष्टी कुठल्याही गुणांच्या पलीकडच्या आहेत. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, ऐकणं अचानक गेलं असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर गुण ४ असोत की ९४, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ऐकणं अचानक जाण्याच्या बाबतीत तर एकेक दिवस मोलाचा असतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

घरच्यांना काय सांगायचं? जगभरात साधारण १४ टक्के प्रौढांना कर्णनाद जाणवतो आणि साधारण २ टक्क्यांना तो तीव्र त्रास देतो, असा अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र अंदाज २०२२ मध्ये आला. म्हणजे तुमच्या ओळखीत असे चारदोन लोक नक्की असतील ज्यांना आवाज येतो आणि काही वाटत नाही. घरचे बहुधा त्यांच्याकडे बघूनच तुम्हाला तोलतात. त्यांना ७ आणि ५२ चा वाद घालत बसू नका, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याऐवजी तुमच्या तीन ओळी दाखवा. 'मध्यम', 'तीव्र' हे शब्द ऐकून माणसं वाद घालतात. 'मुलीशी पाच मिनिटांच्या वर बोलता येत नाही' हे वाचून घालत नाहीत.

उपचारांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, म्हणून थोडक्यात: त्रास कमी करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बोधात्मक वर्तन उपचारांचा (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार), आणि ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राचा मोठा आधार होतो. कर्णनादासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गिंको, झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

पुढच्या भेटीला जाताना भरलेल्या टीएचआयची प्रत, तीन ओळींचा कागद आणि आधीचा ऑडिओग्राम एवढं सोबत न्या. ५२ कुठून आले ते डॉक्टरांबरोबर बसून प्रश्नागणिक बघा, टीएफआय भरून घ्यायला सांगा, आणि तिच्या आठ गटांपैकी ज्या गटाचे गुण सर्वांत जास्त निघतील तिथूनच सुरुवात करायचा आग्रह धरा. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं तो झोपेचा निघेल.

त्या मुद्रितशोधकांची शेवटची तपासणी झाली तेव्हा टीएफआय ७१ वरून २९ वर आला होता. त्यांनीच हट्ट केला म्हणून मी आवाजही परत जुळवला. ६ डेसिबल. या वेळी त्यांनी माझ्या पेनकडे बघितलं नाही. पिशवीतून एक फर्मा काढून समासातल्या खुणा दाखवत होते.